पाण्यात काही आढळले नाही

"रेडिएशन किती आहे तेवढं सांगा!" मंडपाच्या मागच्या रांगेतून पाचव्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा चारुशीला घाडीने माईक तोंडापासून लांब धरला आणि एक मोठा उसासा सोडला.

सकाळपासून ती या एकाच प्रश्नाचं उत्तर देत होती. धारवणे अणुवीज केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळेची ती प्रमुख. वय एकोणपन्नास, त्यातली एकवीस वर्षं याच नोकरीत गेलेली. २०४३ सालच्या डिसेंबरात केंद्राला वापरलेल्या इंधनाची साठवण दुप्पट करायची होती, आणि त्यासाठीची ही जनसुनावणी. मंचावर अपर जिल्हाधिकारी, त्यांच्या शेजारी साठवण विस्ताराचे प्रमुख कर्णिक, आणि टोकाला चारुशीला. समोर धारवण्याच्या खालच्या वाडीची चारशे माणसं. त्यातली निम्मी तिला लहानपणापासून ओळखणारी.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "गेल्या सात वर्षांत साठवणीच्या आवारापासून वाडीपर्यंत बेचाळीस ठिकाणी रोज मोजणी झाली. सीझियम नाही, स्ट्रॉन्शियम नाही, ट्रिटियम नैसर्गिक पातळीवर. सातेरी देवीच्या झरीचं पाणी दर महिन्याला तपासलं. पाण्यात काहीही आढळलेलं नाही."

पहिल्या रांगेत तिचा सख्खा मोठा भाऊ बसला होता. भालचंद्र घाडी, केंद्राविरुद्ध कोर्टात गेलेल्या विरोध समितीचा अध्यक्ष, त्याच झऱ्याच्या पाण्यावर सुपारीची बाग करणारा. सात वर्षांत दोघांचं बोलणं गणपतीत आरतीपुरतं उरलं होतं. तो सावकाश उभा राहिला.

"पाण्यात काय नाय, असा म्हणतंस मां? बरोबर आसा. अगो, झर नोव्हेंबरातच सुकली. पाणीच नाय, तर त्यात काय असतला?"

मंडपात हशा उसळला, टाळ्या पडल्या. कर्णिक चारुशीलाकडे झुकून पुटपुटले, "सोडा हो. विषय भरकटवतायत."

पण चारुशीलाला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. तिला तिचीच वही डोळ्यांसमोर दिसली. झरीच्या नमुन्याचं पान. पहिल्या वर्षी बाराही महिने आकडे. तिसऱ्या वर्षी मे महिन्यापुढे शेरा: 'नमुना उपलब्ध नाही'. पाचव्या वर्षी मार्च, एप्रिल, मे. यंदा नोव्हेंबरपासूनच. तो शेरा तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता, खाली सही केली होती आणि पान उलटलं होतं. नमुना का उपलब्ध नाही, हे तिने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

सुनावणी गोंधळात तहकूब झाली. पुढची तारीख वीस जानेवारी.

*

धारवण्याच्या अणुभट्टीतून बाहेर काढलेलं इंधन आठ-दहा वर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवत. तेवढ्या काळात ते बरंच निवत असे, पण पुरतं नाही. हौदातून ते पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात जायचं होतं. तो कारखाना दरवर्षी पुढच्या वर्षी सुरू होणार होता. हौद भरले तेव्हा केंद्राच्या मागच्या गुरवाच्या सड्यावर, म्हणजे त्या उघड्या जांभ्या कातळाच्या पठारावर, काँक्रीटचा चौथरा घातला गेला. त्यावर दोन माणसं उंचीचे पोलादी पिंप, त्यांच्याभोवती जाड काँक्रीटचं कवच. कवचाला खाली-वर झरोके. खालून गार हवा शिरते, वरून तापलेली बाहेर पडते. पंखा नाही, पंप नाही, बिघडण्यासारखं काही नाही. एकेका पिंपातून दहा-बारा विजेच्या शेगड्यांइतकी ऊब सतत बाहेर येत राहते, बस्स. असे एकशे साठ पिंप उभे होते, आणि तेवढेच आणखी यायचे होते. तात्पुरते, असं कागदावर लिहिलेलं होतं. तात्पुरते म्हणजे साठ वर्षं.

पिंप सुरक्षित होते, याबद्दल चारुशीलाला शंका नव्हती. तिने ते मोजलं होतं. तिला वैताग होता तो वेगळाच. वाडी एकच प्रश्न विचारत होती, केंद्र त्याच एका प्रश्नाचं खरं उत्तर देत होतं, आणि सात वर्षं दोघंही समाधानाने भांडत होते.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमांच्या खोलीत गेली. इरफान मुकादम आवाराच्या इलेक्ट्रॉनिक पहाऱ्याचे प्रमुख. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला, सदा त्रासलेला माणूस.

"मुकादमभाई, तुमची ती काचेची तार पावसात खोटे इशारे द्यायची, ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" मुकादम उसळले. "रक्त आटवलंय त्या तारेनं माझं!"

ती तार म्हणजे केसाएवढी बारीक काचेची केबल. सड्याभोवती आणि सड्यावर उभी-आडवी मिळून नऊ किलोमीटर, हातभर खोल चरात पुरलेली. तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे. काचेतून जाताना प्रत्येक जागेवरून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. त्या जागी जमीन जराशी हलली किंवा तापली, तर मागे येणारा प्रकाश बदलतो. थोडक्यात, ती तार म्हणजे एकापुढे एक मांडलेले नऊ हजार कान. कुणी कुंपणाशी पाऊल टाकलं की नियंत्रणकक्षात कळायचं, कितव्या मीटरला.

"पहिल्या पावसाळ्यात दिवसाला तीनशे इशारे," मुकादम सांगू लागले. "पहारेकरी धावत जायचे, तर कुणी नाही. मग कळलं, कातळाच्या आत बिळं आहेत, त्यातून पाणी धावतं. तार त्यालाच पावलं समजते. शेवटी मी गाळणी बसवली. पाण्याचा आवाज ओळखायचा आणि बाजूला टाकायचा."

"टाकायचा म्हणजे? पुसला?"

"पुसता येत नाही ना! नियम आहे, पहाऱ्याची नोंद दहा वर्षं ठेवायची. 'कचरा' नावाच्या फोल्डरात आहे सगळं. चौथरा बांधायच्या आधीच्या पावसाळ्यापासून."

चारुशीलाने खुर्ची ओढली आणि ती त्यांच्या पडद्यासमोर बसली. कातळाखालच्या पाण्याची सगळी नोंद त्या कचऱ्यात होती.

*

तो कचरा चाळायला दोघांना तीन आठवडे लागले. मुकादम आधी कुरकुरले, मग घरून डबा आणून तिथेच जेवू लागले.

चौथऱ्याच्या आधीच्या पावसाळ्यात कातळाखालचं पाणी झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं दिसत होतं. साठ एकरांवर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून आत जिरत होता, बिळाबिळांतून एकत्र येत होता आणि एका जाड खोडातून पूर्वेला, खालच्या वाडीकडे, सातेरीच्या झरीकडे उतरत होता. पुढच्या वर्षी काँक्रीट आलं. चौथरा, रस्ते, पहाऱ्यासाठी सपाट केलेला पट्टा. पिंपांपाशी पाणी साचता कामा नये, असा नियम होता आणि तो रास्त होता. म्हणून पावसाचा थेंब न् थेंब मोठ्या गटारातून पश्चिमेला, थेट समुद्रात. वर्षाला ऐंशी कोटी लिटरांहून जास्त पाणी. पडद्यावर वर्षामागून वर्ष सरकवत नेलं की खोड बारीक होत होत सुतळीएवढं झालेलं दिसे. चौथऱ्याखालची जमीनही चार अंशांनी तापलेली होती. कुंपणालगतची डबकी त्यामुळे महिनाभर आधी सुकत होती, आणि त्यातली बेडकांची पिल्लं पाय फुटायच्या आत मरत होती.

"म्हणजे झर रेडिएशननं नाही गेली," मुकादम म्हणाले.

"सिमेंटनं गेली. आणि दुसरा टप्पा ठरल्या जागी झाला, तर दक्षिणेकडून वाहणारा व्हाळही आटेल."

"हे मी सात वर्षं गाळत बसलो होतो?"

"आणि मी सात वर्षं 'नमुना उपलब्ध नाही' लिहीत होते," चारुशीला म्हणाली. "कोण कुणाला हसणार?"

*

तिने आधी भावाचं घर गाठलं. भालूदादा बागेत होता. सुपारीच्या वरच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या, पाटात पाचोळा साठला होता. सात वर्षांत पहिल्यांदाच बहीण गणपतीची आरती नसताना आलेली पाहून त्याने कोयता खाली ठेवला.

तिने पाचोळ्यावर बसूनच त्याला सगळं सांगितलं. काडीने मातीत नकाशा काढून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे रेडिएशन नाय," तो म्हणाला.

"नाय."

"सिमेंट."

"सिमेंट आणि गटार."

"आणि ह्या मी कोर्टात सांगू? सिमेंट?" तो एकदम भडकला. "अगो, रेडिएशन म्हटला तर टीव्हीवाले येतत. मुंबयचे वकील येतत. सिमेंटाक कोण येतला? सिमेंट तर माझ्या खळ्यातसुद्धा आसा!"

"दादा, पण खरां काय ता—"

"खरां! सात वर्षां तुझां खरांच ऐकतंय मी. पाण्यात काय नाय, हवेत काय नाय, माशात काय नाय. आणि माझी बाग मेली. आता खरां बदललां, तर मी तुका शाबासकी देऊ?"

 ती उठली, साडीला लागलेला पाचोळा झटकला आणि निघाली. मागून त्याने हाक मारली नाही.

कर्णिकांनी तिला चहा पाजला. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसवायची त्यांना सवय होती.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण अहवालात कुठे लिहिणार? आपल्या नमुन्यात त्रेचाळीस रकाने आहेत. झऱ्याचा प्रवाह हा रकानाच नाही."

"चव्वेचाळिसावा काढू."

"त्याला दिल्लीची मंजुरी लागते. दीड वर्षं धरा. शिवाय ही माहिती पहाऱ्याच्या तारेची. गोपनीय. तार कुठून जाते, हे नकाशावर दाखवणार आहात का तुम्ही?"

"तार नाही दाखवत. पाणी दाखवते."

"मॅडम, किरणोत्सर्ग शून्य आहे. लोकांना त्याचीच भीती आहे. भीतीचं उत्तर आपल्याकडे तयार आहे. ज्याची कुणाला भीतीच नाही, ते उकरून का काढायचं?"

चारुशीलाचं डोकं सणकलं. "कारण झर त्यानेच आटली, कर्णिकसाहेब! लोक चुकीचं घाबरतायत म्हणून त्यांचं पाणी गेलं नाही, असं होत नाही ना!"

कर्णिकांनी कप बशीत ठेवला. "वीस तारखेला तुम्ही फक्त प्रश्नांना उत्तरं द्या," ते म्हणाले.

*

वीस जानेवारीला मंडपात पुन्हा तेवढीच माणसं होती. पहिला प्रश्न रेडिएशनचाच आला. चारुशीला उभी राहिली.

"रेडिएशन नाही," ती म्हणाली. "पण सातेरीची झर आमच्या चौथऱ्यामुळे आटली."

मग तिने वीस मिनिटं बोलून घेतलं. पडद्यावर फक्त पाणी दाखवलं: आधीचं खोड, नंतरची सुतळी. कर्णिकांनी दोनदा चिठ्ठी पाठवली, ती तिने वाचली नाही. "या पानांवर सात वर्षं माझी सही आहे," ती शेवटी म्हणाली. "मी पाण्यात काय आहे ते पाहत राहिले. पाणी आहे का, ते पाहिलं नाही. ती चूक माझी."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. वाडीला वाटलं, ही केंद्राची नवी चाल. केंद्राला वाटलं, ही भावाला फितूर. सुनावणी संपल्यावर मंडपातून बाहेर पडताना तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं जरा अंतर राखून चालत होती.

आठवड्याभरात तिचा आवाराचा पास काढून घेतला गेला आणि तिला प्रशिक्षण विभागात बसवलं. गोपनीय माहिती उघड केल्याची चौकशी लागली. मुकादमांनी चौकशीत सांगितलं, "फोल्डराचं नाव 'कचरा' होतं. कचरा गोपनीय असतो, असं मला कुणी सांगितलं नव्हतं." त्या एका वाक्याने दोघांच्या नोकऱ्या वाचल्या.

पण सुनावणीच्या इतिवृत्तात तिचं बोलणं शब्दशः उतरलं होतं, आणि ते आता कुणाला गाळता येत नव्हतं. मार्चमध्ये भूजलतज्ज्ञांची समिती आली. त्यांनी सड्यावर रंगीत पाणी सोडून पाहिलं, विहिरी तपासल्या, आणि मे महिन्यात चारुशीलाचं म्हणणं मान्य केलं. दुसरा टप्पा सड्यावरून हलवून ठेकेदारांच्या जुन्या, आधीच सिमेंट झालेल्या तळावर नेला गेला. पहिल्या चौथऱ्याचं पावसाचं पाणी समुद्रात न सोडता टाकीत घ्यायचं, तपासायचं आणि कुंपणाबाहेर खणलेल्या बारा खोल शोषविहिरींमधून कातळात जिरवायचं, असंही ठरलं. झरीत येणारं पाणी वाडीचं, म्हणून विहिरींच्या झडपा ग्रामसभेच्या संमतीशिवाय उघडायच्या नाहीत, अशी अट समितीने आवर्जून घातली.

आणि ग्रामसभेने संमती नाकारली.

'पिंपांवरून आलेलं पाणी आमच्या झरीत नको', असा एकमताने ठराव. सूचक भालचंद्र घाडी.

प्रशिक्षण विभागात ही बातमी कळली तेव्हा चारुशीला वर्गात होती. तिने हातातला खडू टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याचे तीन तुकडे झाले. "पंधरा मिनिटं सुट्टी," ती शिकाऊ मंडळींना म्हणाली, आणि व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. आधी पाणी नाही म्हणून ओरडले, आता पाणी नको म्हणून ओरडतायत. तिने मात्र कुणावर ओरडायचं? आणि सगळ्यात जास्त चीड याची, की त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. सात वर्षं 'काही आढळले नाही' ऐकून ज्यांची झर आटली, त्यांनी आठव्या वर्षी त्याच कागदावर का विश्वास ठेवावा?

जून कोसळला. जुलै कोसळला. बाराही विहिरी कोरड्या राहिल्या आणि तपासलेलं, निवळशंख पाणी गटारातून समुद्रात जात राहिलं.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फाटकावरून फोन आला. कुणी भालचंद्र घाडी भेटायला आलेत, पण पास घ्यायला तयार नाहीत.

तो रस्त्यापलीकडच्या बसथांब्यात बसला होता. छत्री मिटून गुडघ्यांमध्ये धरलेली. केंद्राच्या फाटकापर्यंत तो आजवर फक्त मोर्चा घेऊनच आला होता. चारुशीला त्याच्या शेजारी बसली. समोरच्या गटारातून पावसाचं पाणी वाहत होतं.

"अर्धी बाग गेली," तो म्हणाला. "उरलेली अर्धी पुढच्या उन्हाळ्यात जातली." मग थांबून म्हणाला, "त्या विहिरींच्या पाण्यान सुपारी जगतली काय?"

"जगतली."

"आणि माणूस?"

"माणूसय जगतलो."

"लिवन दे."

चारुशीलाचा सगळा संयम एका क्षणात सुटला. "दादा! एकवीस वर्षां मी लिवनच देतंय! कपाटां भरली! आणखी काय लिवन देऊ?"

"ता केंद्राच्या कागदावर," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्यावर शिक्का आसता. शिक्को कोणाचोच नसता गो. सही करणारो उद्या बदलून जाता. माका साध्या कागदावर दे. बहीण म्हणान."

तिच्याकडे साधा कागद नव्हता. बसथांब्याशेजारच्या टपरीवाल्याकडून तिने वहीचं एक पान मागून घेतलं. पान गुडघ्यावर ठेवून लिहायला बसली आणि अडकली. आजवर तिने हजारो पानं लिहिली होती. 'आढळले नाही', 'मर्यादेत आहे', 'उपलब्ध नाही'. त्या सगळ्या वाक्यांत ती स्वतः कुठेच नव्हती. इथे कर्ता हवा होता. तिने दोन ओळी खोडल्या. भालूदादाने तेवढ्यात दोन चहा सांगितले, ते निवून गेले.

शेवटी तिने लिहिलं:

'मी हे पाणी तपासल्याचे आकडे पाहिले आहेत. मी स्वतः हे पाणी पिईन. सुपारी जगेल, माणसंही जगतील. झर पूर्वीसारखी कधी वाहील, ते मला माहीत नाही. कदाचित दहा वर्षांनी, कदाचित कधीच नाही. — चारुशीला विठोबा घाडी.'

त्याने खिशातून चष्मा काढला, पान लांब धरून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"माहीत नाय, असां लिवलंस."

"माहीत नायच आसा, दादा."

त्याने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने पान चौघडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

"ही ओळ खरी वाटता," तो उठत म्हणाला. "म्हणान वरच्यापण खऱ्या धरतंय."

पुढच्या रविवारी ग्रामसभेत त्याने स्वतःचाच ठराव मागे घेतला. तास दीड तास शिव्या खाल्ल्या. बारांपैकी चार विहिरी उघडायला संमती मिळाली, तीही झरीत येणारं पाणी फक्त घाड्यांच्या बागेला घ्यायचं या अटीवर, एका वर्षासाठी, आणि काही झालं तर घाडी जबाबदार. चारुशीलाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. बारांपैकी चार! मग तिने वरिष्ठांकडे रजेचा अर्ज टाकला आणि झडपा उघडायच्या दिवशी सकाळीच सड्यावर जाऊन उभी राहिली. पास नसल्यामुळे कुंपणाच्या बाहेरून, वाडीच्या बाजूने. भालूदादा तिच्याआधीच तिथे पोचला होता.